बर्फ पडत नाही, मग वहीत लिहायचं काय?

काकू, नमस्कार.

बेळगावच्या अनगोळातून लिहितेय. घरात मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, सासूबाई आणि आम्ही दोघं. मुलांच्या हातातला मोबाईल सुटावा म्हणून दिवाळीत एक जाड पुठ्ठ्याची छान वही आणली. थंडीभर घरातल्या सगळ्यांनी मिळून बाहेर जे दिसेल ते तीत लिहायचं असं ठरवलं. आठ दिवस बरे गेले. आता मुलगी 'आज एक पक्षी पाहिला, छान होता' एवढं इंग्रजीत खरडते आणि वही मिटते. धाकटा लिहीतच नाही, नुसत्या रेघोट्या मारतो, त्यावरून दोघांची भांडणं. सासूबाई म्हणतात, 'मला कुठलं लिवायला येतंय.' ह्यांची उद्यमबागला फाउंड्रीत नोकरी, महिन्यातले १५ दिवस रात्रपाळी, त्यांना सवड नाही. त्यात परवा मुलगी म्हणाली, 'पुस्तकात विंटर म्हणजे स्नो असतो, आपल्याकडं काहीच होत नाही, मग लिहू काय?' मला उत्तर सुचलं नाही. वही चालू ठेवू की नाद सोडू?

– वहीवाली आई

*

प्रिय वहीवाली आई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी काय लिहिते ते त्यात आहे, मुलगा काय लिहीत नाही ते आहे, सासूबाई आणि यजमान का लिहीत नाहीत तेही आहे. तुम्ही स्वतः त्या वहीत काय लिहिलंत, हे मात्र कुठंच नाही. मी आपली शोधत बसले.

रागावू नका. हा खोडसाळपणा माझ्या अंगवळणी पडलेला आहे, कारण हीच चूक मी केली आहे आणि तुमच्यापेक्षा जोरात केली आहे. माझा मुलगा तिसरीत असताना मीही अशीच वही काढली होती. वही त्याची आणि लाल पेन माझं, अशी आमची वाटणी. एकदा त्याने लिहिलं, 'खंडया तारेवर बसला होता. त्याने मासा दोनदा आपटला.' मी 'खंडया'भोवती लाल गोल काढला, बाजूला 'खंड्या' लिहिलं आणि वही परत दिली. त्यानंतर चार-पाच पानं कशीबशी भरली आणि वही माळ्यावर गेली. बऱ्याच वर्षांनी माळा आवरताना ती हाताला लागली तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की मासा नेमका कशावर आपटला? तारेवर? तार तर हलते. बाजूच्या खांबावर आपटला असेल का? आणि दोनच वेळा कसा? खंड्या मासा चांगला मऊ होईपर्यंत आपटतो. पोरानं बघितलं होतं, मी विचारलंच नाही. आता तो ३० वर्षांचा आहे. विचारलं तर म्हणतो, 'कसला मासा?'

म्हणून वही सोडू नका. पण आजपासून पहिली ओळ तुमची. मुलांना दाखवायला नको, सुंदर तर मुळीच नको. गॅसवर दूध ठेवून खिडकीतून जे दिसलं ते. 'सकाळी पावणेसात. मागच्या घराच्या पत्र्यावरून पाणी ठिबकतंय, पाऊस नसताना. कुठून आलं?' एवढंच. वेळ, जागा, दिसलं ते, आणि उत्तर माहीत नसेल तर प्रश्न. वही उघडी टाकून कामाला लागा. कुणाला बोलावू नका.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. तो फार चांगला आहे, त्याला टाळू नका. आपल्याकडे बर्फ का पडत नाही? आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १६ अंशांवर आहोत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, म्हणून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की स्वेटर काढावा लागतो आणि परत वर आलं की घालावा लागतो. पण बर्फाला ही उंची पुरत नाही. तिला हे सांगा आणि पुढचंही सांगा: आपल्याकडे बर्फ येत नाही, पण बर्फाला कंटाळलेले पाहुणे येतात.

तुमच्या गच्चीवर किंवा गल्लीतल्या गटाराच्या कडेला एक सडपातळ पक्षी दिसेल. राखाडी किंवा काळा-पांढरा, चिमणीपेक्षा थोडा लांब. चालतो, उड्या मारत नाही, आणि शेपूट सारखी वर-खाली, वर-खाली. कपडे आपटल्यासारखी, म्हणून त्याला धोबी म्हणतात, कुणी परीट म्हणतं. हा हिमालयातून, त्याच्याही पलीकडच्या मध्य आशियातून आपल्याकडे थंडी काढायला येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो, मार्च-एप्रिलात परत जातो. ज्या गटाराला आपण नाक मुरडतो तिथले किडे टिपायला हे महाशय हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. एक सावधगिरी: धोब्याची एक मोठी, काळी-पांढरी, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेली जात बाराही महिने इथेच असते. तिला पाहुणा समजू नका, ती आपल्यासारखीच स्थायिक. 'भुवई आहे की नाही' एवढं बघायला मुलीला सांगा. 'छान होता' हे वाक्य तिथल्या तिथे मरतं, कारण आता तिला काहीतरी शोधायचं असतं. मुलं कंटाळून 'छान' लिहितात असं आपल्याला वाटतं. खरं तर काय बघायचं ते कुणी न सांगता फक्त 'बघ' म्हटलं, की मोठी माणसंसुद्धा 'छान' एवढंच लिहितात.

तुमच्या भागात अजून थोडं शिवार शिल्लक आहे हे तुमचं भाग्य. भात कापून झाला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा होतो, तो आता वीतभर आला असेल. एका रविवारी सगळ्यांनी ऊन चढायच्या आत बांधावर जा. त्या दिवशी दहिवर पडलेलं असलं पाहिजे. वाटाण्याच्या वेलीला, बांधावरच्या गवताला, कुंपणाच्या तारेला कोळ्यांची जाळी दिसतील. एक-दोन नाहीत, शेकड्यांनी. काही चक्रासारखी उभी, काही गवतावर रुमाल वाळत घातल्यासारखी आडवी, एका टोकाला नळीसारखं बीळ आणि त्यात मालक दबा धरून. यातली बरीचशी जाळी काल दुपारीही तिथेच होती, पण दिसत नव्हती. दवाचे मणी ओवले म्हणून आज दिसली. सूर्य कासराभर वर आला की मणी वाळतात आणि सगळा बाजार पुन्हा अदृश्य. धाकट्याला तिथे बसवा आणि एक जाळं काढायला लावा. तुम्ही ज्याला रेघोट्या म्हणता ना, त्या तिथे कामाला येतात.

त्याने कोळ्याला सहा पाय काढले तर? काढू द्या. 'चुकलं' म्हणू नका. 'चल, परत मोजून येऊ' म्हणा. आठ निघतील. मग सहा पायांचा कोळी खोडायचा नाही, त्याच्या शेजारी आठ पायांचा काढायचा. चूक पुसली की वहीत शिकल्याची खूणच राहत नाही. फोटो काढून चिकटवण्याचा मोह होईल, पण फोटोत पाय मोजावे लागत नाहीत, चित्रात लागतात.

आणि ते दव कुठून येतं, याचा शोध घरीच लागतो. झोपताना दोन स्टीलच्या ताटल्या घ्या. एक उघड्या गच्चीवर ठेवा, दुसरी तिथेच पण पत्र्याखाली. सकाळी बोट फिरवून बघा. उघड्यावरची ओली असेल, छपराखालची बहुधा कोरडी. दव वरून पडत नाही. स्वच्छ रात्री जमीन, पानं, ताटली आपली ऊब आकाशाकडे सोडून देतात आणि हवेपेक्षा गार होतात. त्यांना टेकलेल्या हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. छपराखालच्या ताटलीची ऊब छपरानं अडवली, म्हणून ती तेवढी गार झाली नाही. ढगाळ रात्री हाच प्रयोग करा, दोन्ही ताटल्या कोरड्या राहण्याचा संभव जास्त, कारण ढग म्हणजे मोठं छप्परच. आणि तुमच्या त्या पत्र्याला पाणी कुठून आलं, तेही मुलगीच तुम्हाला सांगेल. तुम्हाला आधीच माहीत असलं तरी तोंड मिटून ठेवा. हे आईला फार जड जातं, मला माहीत आहे.

आता आज्जींकडे येऊ. 'मला कुठलं लिवायला येतंय' हे वाक्य मला जरा लागलं. त्यांना लिहिता येत नसेल, पण तुमच्या घरात ह्या वहीचा खरा ऐवज त्यांच्याकडेच आहे. सुगीत खळ्यावर झोपलेलं माणूस आहे ते, असं मी पैजेवर सांगते. मुलीला त्यांचा लेखनिक करा. रोज रात्री जेवणानंतर एक वाक्य, आज्जी जसं बोलतील तसं, एक अक्षर न बदलता. 'आमच्याकडं हिव पडलं की म्हशी दूध चोरत्यात' म्हणाल्या तर तसंच. 'लिवायला' असेल तर 'लिवायला'. चंद्राला खळं पडलं की काय होतं, तिकांडं डोक्यावर आलं की रात्र किती झाली, हे त्यांना विचारा. तिकांडं म्हणजे मृगातले ते ओळीत बसलेले तीन तारे. डिसेंबरात जेवणं उरकून अंगणात आलात की पूर्वेला दिसतात, खाली थोड्या वेळानं लखलखीत व्याध उगवतो, वर रोहिणी तांबूस आणि त्याच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. धाकट्याला कृत्तिका मोजू द्या. कुणाला सहा दिसतात, कुणाला सात. आज्जींना किती दिसतात तेही लिहा. ६ वर्षांच्या आणि ७० वर्षांच्या डोळ्यांचे आकडे शेजारी शेजारी आले, की घरातल्या चष्म्याच्या नंबरावरही बोलणं होईल, हे वेगळं.

यजमानांना सवड नाही असं तुम्ही लिहिलंत. अहो, रात्रपाळीचा माणूस हा तुमच्या घरातला एकटाच असा, की जो निम्मा महिना उजाडताना बाहेर असतो! बाकी सगळे पांघरुणात. पाळी सुटून गाडीवरून येताना धुकं कुठे लागलं, चंद्र कुठे होता, कुत्री कुठल्या भिंतीला टेकून झोपली होती, तारेवर वेडे राघू किती चिकटून बसले होते, हे त्यांच्याइतकं कुणाला दिसणार? वेड्या राघूचं तर मुलांना सांगाच. तो हिरवा, लांब चोचीचा, शेपटीतून काडी निघालेला पक्षी. थंडीत पहाटे पाच-सहा जण एकमेकांच्या अंगाला अंग लावून, पिसं फुगवून तारेवर एका ओळीत बसतात आणि ऊन येईपर्यंत हलत नाहीत. दमून आलेल्या माणसाला निबंध लिहायला लावू नका. वहीला सुतळीनं पेन्सिल बांधून ती चहाच्या कपाशेजारी ठेवा. 'रस्त्याला धुकं, पुढचा ट्रक दिसेना' एवढं लिहून ते झोपू देत. मुलं उठल्यावर ते वाचतील. पप्पा झोपलेले असताना पप्पांचं वाक्य वाचायला मिळणं, ही त्यांच्यासाठी निसर्गापेक्षा मोठी गोष्ट असेल असा माझा अंदाज आहे.

भाषेबद्दल तुम्ही 'इंग्रजीत खरडते' असं जे लिहिलंत, त्यातली काळजी कळली. आपल्या भागात मुलं शाळेत एक भाषा बोलतात, दुकानात दुसरी, घरात तिसरी. भाषेवरून भांडायला आपल्याकडे बाहेर जागा पुष्कळ आहे, वहीत ते आणू नका. ज्याला ज्या भाषेत पटकन सुचेल त्या भाषेत लिहू द्या. उलट एक गंमत करा. वहीची शेवटची दहा पानं उलटीकडून वापरा आणि तिथे नावं गोळा करा. मराठीत काय, कानडीत काय, इंग्रजीत काय, आणि आज्जीच्या गावात काय म्हणतात. शेजारच्या घरी कानडी बोलत असतील तर तिथे मुलीला विचारायला पाठवा. चिमणी तिकडे गुब्बी, घुबड गूबे, दवाला इब्बनी. धुक्याला कानडीत मंजू म्हणतात हे कळल्यावर माझ्या नातीनं आमच्या मंजू मावशीला दोन दिवस 'धुकं मावशी' केलं होतं. मोराला नवीलु म्हणतात हे लिहिलंत, की सौंदत्तीजवळ मलप्रभेवर जिथे धरण आहे त्या नवीलुतीर्थाच्या नावातला मोर आपोआप बाहेर येतो. इतकी वर्षं आपण त्या नावाची पाटी वाचत गेलो, मोर दिसला नाही. असंच एक दिवस मुलगी आज्जीचं वाक्य लिहिताना मराठीत अडेल, विचारेल, 'दहिवर ऱ्हस्व की दीर्घ?' तेव्हा सांगा. विचारल्यावरच सांगा.

पोरांना घेऊन भीमगडला जायलाच हवं का, असं पुढे कुणीतरी तुम्हाला विचारेलच, हल्ली फॅशन आहे. जंगल सुंदर आहे, मलप्रभा तिथेच कणकुंबीला उगम पावते, सगळं खरं. पण वर्षातून एकदा जीप करून पाहिलेल्या जंगलापेक्षा रोज दिसणारं एक झाड ६ वर्षांच्या मुलाला जास्त कळतं. एक झाड निवडा. अंगणात आंबा असेल तर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत मोहोर फुटू लागेल. हाताला येणाऱ्या एका मोहोराच्या तुऱ्याला रंगीत दोरा सैल बांधा आणि दर रविवारी तोच तुरा बघा. एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात, त्यातली पुष्कळशी नुसती नरफुलं, त्यांना फळ धरायचंच नसतं. मग धुकं पडतं, तुडतुडे लागतात, भुरी येते, वारा झोडपतो. होळीपर्यंत त्या दोऱ्याच्या तुऱ्यावर कैऱ्या किती राहिल्या ते मोजा. एक राहिली तरी दोऱ्याचं नशीब. आज्जी 'यंदा मोहोर धरला न्हाई' म्हणतात तेव्हा त्या नेमकं काय बघून म्हणतात, ते मुलांना त्या दिवशी समजेल.

आंबा नसेल तर काटेसावर शोधा. ही तर थंडीची राणीच. आधी सगळी पानं टाकून नागडी उभी राहते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्या उघड्या फांद्यांवर मुठीएवढी लाल फुलं. मैना, कावळे, सूर्यपक्षी, खारी, सगळ्यांची झुंबड. आपल्या पंचांगात थंडी एक नाही, दोन आहेत: मार्गशीर्ष-पौषाचा हेमंत आणि माघ-फाल्गुनाचा शिशिर. हेमंत ओला, दवाचा. शिशिर कोरडा, पानगळीचा, ओठ फुटण्याचा. इंग्रजी पुस्तकातला एकच विंटर आपल्या वहीत मावत नाही, हे मुलीला सांगून बघा. तिला अभिमान वाटेल, नाहीतर ती डोळे फिरवेल. दहाव्या वर्षी दोन्ही शक्य असतं.

सणांना विसरू नका, आपले थंडीतले सण म्हणजे अर्धी निसर्गाची वहीच आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, यळ्ळ अमावास्येला, पूर्वेकडच्या काळ्या रानात लोक बुट्ट्या घेऊन शेतात जेवायला जातात, चरग म्हणजे नैवेद्याचं अन्न रानात शिंपतात. कुणी ओळखीचं असेल तर मुलांना न्या. उभा शाळू आणि त्यावर घोंगावणाऱ्या भोरड्यांचे थवे तिथे बघायला मिळतील. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ती मैना, तीही मध्य आशियाकडची पाहुणी. मात्र धोब्यासारखी गुणी नाही, दाणे भरले की थवाच्या थवा ताटावर उतरतो. शेतकरी तिला पाहुणी म्हणत नाही, जे म्हणतो ते वहीत लिहू नका. आणि भोगीच्या दिवशी भाजी निवडायला मुलांना बसवा. पावटा, घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगं, वर तीळ. एकेकाचं चित्र, आणि हे कुठून आलं ते पुढे. बाजारात विकणाऱ्या मावशींना मुलीनंच विचारायचं, 'कुठल्या गावचं?' चार नावं आली तरी थंडीचा नकाशा तयार.

संक्रांतीला आज्जी म्हणतीलच, आजपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो. हे तपासायची एक सोपी युक्ती आहे आणि ती मला स्वतःला फार आवडते. गच्चीतून पूर्वेकडे जे दिसतं, पाण्याची टाकी, नारळ, टॉवर, त्याची बाह्यरेषा वहीच्या आडव्या पानावर एकदा काढून ठेवा. दर रविवारी गच्चीच्या त्याच कोपऱ्यात उभं राहून सूर्य कशाच्या मागून वर आला तिथे टिंब आणि शेजारी वेळ. २१-२२ डिसेंबरपर्यंत टिंबं उजवीकडे सरकतील, मग दोन आठवडे जवळजवळ थबकतील, आणि मग डावीकडे चालू लागतील. म्हणजे उत्तरायण संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच सुरू झालं! कोणे एके काळी दोन्ही एकत्र होती, पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश फिरतो, साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो, आणि तो साठत साठत संक्रांत पुढे गेली. वेळा बघाल तर आणखी घोटाळा दिसेल. दिवस मोठा होत असतानाही आपल्याकडे सूर्य जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोज थोडा उशिराच उगवतो, सातच्या पुढे जातो. वाढ होते ती संध्याकाळी, आणि ती तर नोव्हेंबर संपतानाच सुरू झालेली असते. आज्जी चूक नाहीत. त्यांचं तीळ संध्याकाळी वाढत असतं. शाळेची बस पकडणाऱ्या मुलीला मात्र संक्रांतीनंतरही अंधारातच उठावं लागतं, आणि त्याचं कारण आता तिच्या वहीत असेल.

भांडणांचं म्हणाल, तर डावं पान धाकट्याचं, उजवं ताईचं, आणि कुणी कुणाच्या पानावर पेन्सिल टेकवायची नाही. मोठ्यांनीसुद्धा. रोज लिहायची सक्ती नको. आठवड्यात तीन ओळी आल्या तरी पुष्कळ. परीक्षेच्या दिवसांत वही बंद राहिली तर राहू द्या. पक्षी ओळखणारी ॲप्स आहेत, चांगली आहेत, पण आधी चित्र, मग नाव, आणि फोन तुमच्या हातात. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभरातले लोक आपापल्या परसातले पक्षी मोजतात, किमान १५ मिनिटं बसून, आणि आकडे कळवतात. मुलीला आकड्यांची गोडी लागलीच तर तोपर्यंत तिची तयारी झालेली असेल. नाही लागली तर नाही.

एक गोष्ट मात्र हट्टानं पाळा. बांधावर जाताना बूट, हातात काठी, आणि वाळलेल्या पाल्यात, गवताच्या गंजीत हात घालायचा नाही. थंडीचे दिवस हे घोणसीचे फिरण्याचे आणि सकाळी उन्हाला पडण्याचे दिवस. पाल्यात ती पाल्यासारखीच दिसते. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर जागच्या जागी थांबायचं, मग हळूहळू मागं. खानापूरकडच्या काजूच्या रानांत जात असाल तर गावातलं माणूस सोबत घ्या, तिकडे गवे आणि अस्वलं आहेत. अंधारात काही बघायला जायचं नाही. हे पहिल्या पानावर आज्जींच्या शब्दांत लिहून घ्या, तुमच्या सांगण्यापेक्षा मुलं ते जास्त ऐकतील.

मार्च उजाडला की धोब्याकडे लक्ष ठेवा. तो आलेला दिवस सगळ्यांना आठवतो, गेलेला कुणाला कळत नाही, कारण गेला तेव्हा तो दिसलेला नसतो. म्हणून दिसेल त्या प्रत्येक दिवशी नुसती तारीख टाकत जा. ज्या तारखेनंतर दुसरी तारीख आली नाही, ती. माझ्या गच्चीवरचा मागच्या वर्षी २६ मार्चला शेवटचा दिसला, पाण्याच्या टाकीच्या गळक्या नळाखाली. अनगोळातला कधी गेला ते मला कळवा, आणि पत्र यावेळी मुलीकडून येऊ द्या. भाषा कुठलीही चालेल.

तुमची,
काकू